तुमचा पत्ता कुठल्या गाण्यात आहे? हिप हॉप ऐकत वाढलेल्यांसाठी धागा

पार्कसाइटकर

आमच्या गल्लीत एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा, सर्व्हे झाला. दारांवर लाल रंगाने नंबर पडलेत. सन २०००च्या आधीचा पुरावा हवा म्हणून पप्पांचं जुनं लाइट बिल आणि फोटोपास (झोपडीचं सरकारी ओळखपत्र) शोधायला पोटमाळ्यावरचे खोके खाली काढले. फोटोपास मिळाला. त्याच खोक्यात माझी बारावीची अकाउंट्सची वही पण निघाली.

लांब वही, निळा पुठ्ठा. पुढून जर्नल एन्ट्र्या, मागून रॅप. मी रचलेले नाहीत, ऐकून उतरवलेले. दोन ओळी ऐकायच्या, थांबवायचं, लिहायचं, परत मागे न्यायचं. शब्द कळला नाही तिथे जागा सोडायची आणि कळला की दुसऱ्या पेनाने भरायची. एका पानावर एकच शब्द चारदा खोडलाय.

साल २०१५. मी राहायला विक्रोळी पार्कसाइटला, डोंगरावर. कॉलेजात कोणी 'राहतोस कुठे' विचारलं की मी 'पवईच्या इथे' सांगायचो. डोंगराच्या पलीकडे पवई आहे, त्यामुळे अगदी खोटंही नव्हतं. पण कोणी घरी येतो म्हणालं की माझ्या पोटात गोळा यायचा.

त्या एप्रिलमध्ये डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं 'मेरे गली में' आलं. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी कुर्ल्याचा. कुर्ला म्हणजे विक्रोळीहून तिसरं स्टेशन! नेझीने त्याआधी 'आफत' नुसत्या आयपॅडवर रेकॉर्ड केलं होतं आणि व्हिडिओ स्वतःच्याच मोहल्ल्यात काढला होता. मी 'मेरे गली में' गर्दीच्या लोकलमध्ये एका कानात इअरफोन घालून ऐकलं, दुसरा इअरफोन मित्राच्या कानात. नाक्यावर आम्ही जी हिंदी बोलतो, अर्धी मराठी घुसलेली, तीच गाण्यात होती. व्हिडिओत पाण्याचे ड्रम होते, लोखंडी जिने होते. माझ्या घराच्या बाहेर जे आहे ते कोणीतरी मान वर करून दाखवत होतं.

महिनाभरात मी 'पार्कसाइट' म्हणायला लागलो. बाहेरून बघणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र ते वाक्य पहिल्यांदा बोललो ती जागा आठवते, कॉलेजच्या कॅन्टीनचा पाण्याचा नळ.

अजून एक. पप्पा एमआयडीसीत कामाला होते आणि गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. १४ एप्रिलला आठ-आठ कार्यक्रम. एकदा रात्री जेवताना मी ओळी पुटपुटत होतो. ते म्हणाले, "जरा मोठ्याने म्हण." मी म्हटलं. ते ताटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरून ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा बोलतोय कुठे, हा तर वाजवतोय."

त्यांच्या पार्टीची एक कॅसेटही त्या खोक्यात मिळाली. बुरशी धरलीय.

तुमचं सांगा. कुठलं गाणं कुठल्या जागेला चिकटलंय? आणि त्यामुळे पुढे काही बदललं का?

निशाचर_नाशिक

सविस्तर नंतर लिहितो. आधी एक कळकळीची विनंती. ती कॅसेट कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका!! बुरशीची टेप हेडला चिकटते आणि तुटते. घरातल्या घरात पेन्सिल घालून फिरवूही नका. मी बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बनवतो, जुन्या टेपा डिजिटल करायचं सामान आहे माझ्याकडे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

षड्ज

मी साठी उलटलेला, गाणं शिकलेला माणूस. धागा वाचून भारावलो, विशेषतः वडिलांचं वाक्य वाचून. तरी मनातलं विचारतो. मला रॅपमध्ये गाणं सापडत नाही. सूर नाही, एकाच पट्टीत बोलत राहणं, वर शिव्या, गळ्यात साखळ्या. तुम्हा मंडळींना यात जे दिसतं ते कुठे शोधायचं? खोचक प्रश्न नाही, खरंच ऐकायची तयारी आहे.

क्वीन्सची_अबोली

षड्ज काका, नमस्कार. मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते, मूळची साताऱ्याची. माझ्या घरापासून सबवेने थोड्याच अंतरावर क्वीन्सब्रिज आहे, सरकारी घरांची प्रचंड मोठी वसाहत. नाझ नावाचा रॅपर तिथे वाढला. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याचा 'इल्मॅटिक' आला तेव्हा तो २० वर्षांचा होता. अख्खा अल्बम चाळीस मिनिटांचाही नाही. खिडकीतून जे दिसतं ते सांगतो: कोण तुरुंगात गेलं, कोण मेलं, कोण अजून कोपऱ्यावर उभं आहे. त्यातल्या एका गाण्याच्या शेवटी कॉर्नेट वाजतं, ते त्याच्या वडिलांनी, ओलू दारा यांनी वाजवलंय. ते जॅझ वादक. मुलगा बोलून थांबतो आणि बाप फुंकायला लागतो. काका, तुम्ही तिथून सुरुवात करा.

पार्कसाइटकर, पत्त्याबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. हिप हॉपचा जन्मच मुळी एका पत्त्यावर झाला. १५२०, सेजविक अव्हेन्यू, ब्राँक्स. ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आत नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, जमैकाहून लहानपणी आलेला. लोक नाचतात ते गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवायला लागला.

नवीन नवीन इथे आले तेव्हा नोकरी नव्हती, थंडी सोसत नव्हती, नवऱ्याशिवाय बोलायला कोणी नव्हतं. तेव्हा एका रविवारी एकटीच ती बिल्डिंग बघायला गेले. साधी विटांची इमारत, शेजारून हायवे धडधडत जातो. आत जाता येत नाही, लोक राहतात. दारात एक आजी किराण्याच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. मी बघत उभी राहिले तर म्हणाल्या, "यस, दिस इज द वन." एवढंच. मी त्यांच्या पिशव्या लिफ्टपर्यंत नेऊन दिल्या. परत येताना ट्रेनमध्ये खूप रडले आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ज पाठवायला लागले. या दोन गोष्टींचा संबंध काय ते मला नीट मांडता येणार नाही, पण आहे.

आणि तुमच्या एसआरएवरून आठवलं. २००७ च्या सुमारास ही बिल्डिंग विकून भाडी वाढवायचा घाट घातला गेला. परवडणारी घरं जाणार होती. तेव्हा भाडेकरू या इतिहासाच्याच आधारावर लढले, हर्क त्यांच्या बाजूने उभा राहिला. बरीच वर्षं भांडून घरं वाचली.

पार्कसाइटकर

अबोली ताई, तुमचा प्रतिसाद मी पप्पांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा विचारलं, "गाण्यामुळे घर वाचलं?" मी म्हटलं, गाण्यामुळे आणि एकीमुळे. ते आता सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगणार आहेत.

वऱ्हाडी_ठेचा

मी अमरावती जिल्ह्यातला, सध्या पुण्यात एमपीएससी करतो. हा प्रतिसाद मुद्दाम माह्या बोलीत लिहितो.

पुण्यात आलो तवा पयल्याच आठवड्यात लायब्ररीत एका पोराले म्हटलं, "तुह्या बाजूले जागा हाय का?" त अख्खा टेबल हासला. त्या दिवसापासून मी तोंड मिटूनच रायलो. कमी बोलाचं, बोललं त पुस्तकासारखं. घरी फोन आला तरी जिन्यात जाऊन बोलाचो. दोन वर्सं असंच चाललं.

मंग २०२३ मधी एमटीव्ही हसल या रॅपच्या शोवर आमच्या अमरावतीचा १००आरबीएच आला. 'सौ'चा आकडा आन् पुढं आरबीएच, म्हंजे सौरभ. त्यो आमच्या वऱ्हाडीत टीव्हीवर रॅप करे आन् समोरचे जज उभे रायत. रूमवर आम्ही चार जनं एकाच मोबाईलवर पाहत होतो, दोन सांगलीचे, एक बीडचा. बीडवाला म्हने, "परत लाव, तो शब्द काय होता?" मले लय आनंद झाला. मायी बोली कोनाले तरी समजून घ्यावी वाटत होती.

आता मॉक इंटरव्ह्यूत सोडलं त बाकी सगळीकडं मी असाच बोलतो. पास झालो आन् पोस्टिंग मेळघाटात भेटली त लोकाईशी असंच बोलनार हाव.

खडूफळा

मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवते, सातवीचा वर्ग. रॅपर एमसी स्टॅन ताडीवाला रोडचा, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं तशाच वस्त्यांमधून येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो बिग बॉस जिंकला त्या रात्री वस्तीत फटाके वाजले होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना एक मुलगा, जो वर्षभर डोकं खाली घालून 'हजर' म्हणायचा, उभा राहून स्टॅनच्याच शब्दांत म्हणाला, "हजर मॅडम, हक से!" मी रागावले नाही. त्याची मान पहिल्यांदा वर बघितली.

पण माझा एक प्रश्न मी गिळणार नाही. हीच मुलं त्या गाण्यांमधले बायकांबद्दलचे शब्द मधल्या सुट्टीत मुलींना ऐकवतात. एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. मुलाला मान वर करायला शिकवणारं गाणं मुलीला मान खाली घालायला लावत असेल तर मी ते अर्धंच चांगलं मानते. तुम्ही सगळे यावर प्रेम करता म्हणूनच तुम्हाला विचारते.

सतरा_नंबर_बाक

खडूफळा मॅडम, तुमचं पटलं, आणि हे मी रॅप ऐकणारी मुलगी म्हणून सांगते. मला आवडणाऱ्या कितीतरी गाण्यांत एक ओळ अशी येते की मी आवाज कमी करते. ती ओळ गेली की परत वाढवते. कित्येक वर्षं हे हाताला इतकं सवयीचं झालं होतं की लक्षातही यायचं नाही.

मी कल्याणची. डी एमसी ही रॅपर पण कल्याणची आहे, हे कळलं तेव्हा मी दहावीत होते. मुलगी, आपल्याच स्टेशनवरून गाडी पकडणारी, आणि मुलांनी भरलेल्या सायफरमध्ये, म्हणजे रॅप करणाऱ्यांच्या गोलात, उभी राहून बार (रॅपच्या ओळी) टाकते. तिचं गाणं ऐकताना मला आवाज कमी करावा लागला नाही. तुमच्या वर्गात तिचं एखादं गाणं लावून बघा ना. मुलींना आधी ऐकवा.

पानगळ

माझी जागा आरे, मुंबईतलं जंगल. ४ ऑक्टोबर २०१९ ची रात्र. मेट्रो कारशेडसाठीची झाडतोड थांबवायची याचिका कोर्टाने फेटाळल्यावर काही तासांत झाडं कापायला सुरुवात झाली, दोन दिवसांत दोन हजारांवर झाडं गेली. आम्ही रस्त्यावर होतो, आत जाऊ देत नव्हते. अंधारात करवतीचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा आणि मग झाड पडल्याचा आवाज. आमच्यातल्या कोणीतरी मोबाईलवर स्वदेशी या रॅप गटाचं 'द वारली रिव्होल्ट' लावलं. त्यात आरेमधले प्रकाश भोईर स्वतः आहेत, ज्यांच्या पिढ्या त्या जंगलात गेल्या. घोषणा देऊन घसे बसले होते, म्हणून सगळे नुसते ऐकत उभे होते.

स्वदेशीची पोरं मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, जो ज्याची भाषा घेऊन आला तीत रॅप करतात. त्यांच्यातला गुजरातीत रॅप करणारा एमसी तोड फोड, धर्मेश परमार, मार्च २०२२ मध्ये गेला. २४ वर्षांचा. मला गुजराती फारशी येत नाही, पण त्याचा श्वास कुठे तुटतो आणि कुठे तुटत नाही हे पाठ होतं. बातमी कळली तेव्हा मी बसमध्ये होते. त्याचं गाणं लावायला हात गेला आणि लावलं नाही. जवळजवळ वर्षभर लावलं नाही.

आता लावते. भाची गुजराती मैत्रिणीकडून अर्थ विचारून येते आणि मला सांगते. आम्ही दोघी मिळून एकेक कडवं उलगडतोय.

बारा_तास_बाइकवर

तुम्ही सगळ्यांनी छान लिहिलं. माझं थोडं कडू आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' हा मुंबईच्या रॅपरांवरचा सिनेमा आला. त्यानंतर आमच्या एरियात प्रत्येक गल्लीत एक क्रू. मी पण. दिवसा कॉलेज, रात्री मित्राच्या खोलीत गाद्या भिंतीला लावून रेकॉर्डिंग. गाणं चाललं, एका कंपनीचा फोन आला. कागद इंग्रजीत होता, वाचला नाही, सही केली. पाच हजार मिळाले. आता माझंच गाणं मला माझ्या चॅनेलवर टाकता येत नाही, टाकलं की निघतं. बाकी क्रूमधला एक दुबईला, एकाचं लग्न झालं. मी पार्सलं पोचवतो.

वर कोणी विचारलंय पुढे काय बदललं. मी लिहिणं थांबवलं नाही, एवढं सांगू शकतो. सिग्नलला गाडी थांबली की फोनमध्ये बोलून ठेवतो. हॉर्नच्या आवाजासकट दोनशेच्या वर तुकडे आहेत. मला मोठं व्हायचं आहे ही गोष्ट आता तेवढी डोक्यात नाही. पण सोळा बार असे लिहायचेत की ते ऐकून दुसऱ्या एखाद्या गाडीवरच्या पोराला वाटावं, अरे हा माझ्याच लेनमधून चाललाय.

नव्या पोरांना हात जोडून सांगतो, सही करायच्या आधी कागद वकिलाला दाखवा. वकील नसेल तर इथे विचारा.

निशाचर_नाशिक

भावा, ते दोनशे तुकडे जपून ठेव, कुठेतरी बॅकअप घे. हॉर्न काढू नकोस. पैशाचं बोलणं न करता तीन बीट पाठवतो, हक्क तुझे.

आता राहिलेलं लिहितो. मला लोक विचारतात, दुसऱ्याच्या जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलता, यात तुमचं काय? मी त्यांना डेट्रॉइटच्या जे डिला या बीट बनवणाऱ्याचं सांगतो. रक्ताच्या दुर्मीळ आजाराने अंथरुणाला खिळलेला, हॉस्पिटलच्या खोलीत छोटा सॅम्पलर (गाण्यांचे तुकडे कापून वाजवायचं यंत्र) आणि रेकॉर्ड प्लेअर मागवून घेतलेला. बोटं इतकी सुजायची की आई मालिश करून द्यायची, मग परत काम, असं त्याच्या आईने सांगितलेलं आहे. त्याचा 'डोनट्स' हा अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला त्याच्या ३२व्या वाढदिवशी आला आणि १० तारखेला तो गेला. शब्द जवळपास नाहीतच, जुन्या सोल गाण्यांचे चिमटीएवढे तुकडे. गायकाने श्वास घेतला तिथेच कात्री. तीस सेकंद ऐका, कोणीतरी घाईघाईने आठवणी पिशवीत भरतोय असं वाटतं.

पार्कसाइटकर, तुमची कॅसेट कुरियरने पोचली. अवस्था वाईट आहे. कवच उघडून टेप नव्या कवचात घालावी लागेल, आतला दाबपट्टीचा फेल्ट गळून गेलाय. एकदाच वाजेल असं धरून चालतोय.

षड्ज

अबोली, तुम्ही सांगितलेला अल्बम चार दिवस ऐकतोय. शब्द पंचवीस टक्के कळले असतील, नातवाने मदत केली. कॉर्नेट आलं तेव्हा गहिवरून आलं.

पण मला सांगायचंय ते वेगळं. मी 'एकाच पट्टीत बोलणं' म्हणालो ते मागे घेतो. हातावर ताल देऊन ऐकलं तेव्हा कळलं की हा मुलगा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतच नाही. कधी शब्द समेच्या आधी टाकतो, कधी समेला हूल देऊन नंतर. आम्ही याला अनागत आणि अतीत म्हणतो आणि ते अंगात मुरायला वर्षं जातात. वीस वर्षांच्या मुलाला हे वसाहतीच्या खिडकीत बसून आलं. गेली पाच वर्षं मी गायला बसलो नव्हतो, ऐकणारं कोणी नाही म्हणून. काल तंबोरा काढला.

खडूफळांचा प्रश्न मात्र मला अजून टोचतो. त्याचं उत्तर या मंडळींनीच द्यायचं आहे.

खडूफळा

सतरा नंबर, शनिवारी गाणं लावलं. मुलींनी दोनदा लावायला सांगितलं, मुलं गप्प बसली होती. ती गैरहजर मुलगी या आठवड्यात रोज आली. पुढचं बघू.

निशाचर_नाशिक

काम झालं. अकरा मिनिटं वाचली, त्यापुढे टेपचा रंगच उडालाय. फाइल पाठवली आहे.

पार्कसाइटकर

फाइल काल रात्री वाजवली. घरात आम्ही पाच जण, शेजारचे काका पण आले. आधी लाउडस्पीकरची घूं, मग निवेदकाचा आवाज: चौदा एप्रिल एकोणीसशे शहाण्णव, विक्रोळी पार्कसाइटची पार्टी. पप्पा म्हणाले, "घे, हा पण पुरावा लाव." मम्मी हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

मग ढोलकी सुरू झाली. पप्पांनी तोंड वाकडं केलं. "हे हळू आहे. आम्ही एवढं सुस्त नाही वाजवायचो." मी म्हटलं, पप्पा, तीस वर्षं होत आली, आठवणीत जलद वाटत असेल. ते ऐकेनात.

निशाचर_नाशिक

बाबांचं बरोबर आहे!! मी आत्ता तपासलं. लाउडस्पीकरची ती घूं म्हणजे विजेची, ती ५० हर्ट्झवर हवी. फाइलमध्ये ४८ वर दिसते. म्हणजे सगळं चार टक्के हळू झालंय, माझ्या डेकचा पट्टा सैल असणार. वेग दुरुस्त करून परत पाठवतो. बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांचे हात यंत्रापेक्षा पक्के आहेत.

पार्कसाइटकर

दुरुस्त फाइल लावली. पप्पांनी ताट ओढलं आणि कडेवर बोटं टाकली. जुळलं.

मी त्यातल्या चार मात्रा कापून फिरवल्या आहेत आणि निळी वही काढली आहे. मागच्या बाजूला अकरा पानं कोरी होती. पहिल्या ओळीत दारावरचा लाल नंबर टाकलाय. पण दुसऱ्या ओळीत सारखा अडखळतो, शब्द एक मात्रा पुढे पळतात. पप्पा म्हणाले, ढोलकीला शाई भरून आणतो, रविवारी बसू.